फाइलचा पत्ता फाइलपासूनच मोजायला शिकवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सादर नमस्कार. रावेर तालुक्यातील आमच्या केळी उत्पादक गटाच्या संकेतस्थळावर रोजचे केळीभाव आता सकाळी वेळेवर दिसू लागले आहेत. याचे श्रेय आपले आहे आणि ते चारचौघांत सांगितले पाहिजे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

भाव अद्ययावत करणारी, पीएचपी या संगणकीय भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट ब्राउझरमधून उघडली की सुरळीत चालत असे. तीच रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवरील सोयीतून, चालवली की इन्क्लूड केलेली, म्हणजे स्क्रिप्टमध्ये जोडून घेतलेली दुसरी फाइल सापडत नसल्याचा इशारा लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) पडत असे. फाइल जागेवर होती आणि परवानग्याही ठीक होत्या. आपण धुळ्याहून फोनवर पहिलाच प्रश्न विचारलात, "स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरमध्ये उभी राहून चालते आहे?" चालू फोल्डर छापून पाहिल्यावर ब्राउझरमधून स्क्रिप्टचा स्वतःचा फोल्डर दिसला आणि क्रॉनमधून मात्र सर्व्हरवरील आमच्या खात्याचा होम फोल्डर. एक किंवा दोन टिंबांनी सुरू होणारा मार्ग पीएचपी या चालू फोल्डरपासून मोजते, ती ओळ ज्या फाइलमध्ये लिहिली आहे तिथपासून नव्हे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

त्याहून मोलाचे होते ते आपण पुढे दाखवलेले. पानाचा वरचा भाग दाखवणाऱ्या हेडरच्या फाइलमध्ये कॉन्फिग फाइलचे, म्हणजे कोणता डेटाबेस वापरायचा हे सांगणाऱ्या फाइलचे, नुसते नाव लिहिलेले होते, आणि तसे असले की पीएचपी आधी इन्क्लूड पाथमधील, म्हणजे फाइली शोधण्यासाठी नेमून दिलेल्या यादीतील, फोल्डर धुंडाळते व तिथे काही मिळाले नाही तरच त्या फाइलच्या शेजारी पाहते. इन्क्लूड पाथमध्ये चालू फोल्डर सहसा असतोच. आमच्या मुख्य फोल्डरमध्ये त्याच नावाची एक जुनी कॉन्फिग पडून होती, त्यामुळे मुखपृष्ठ कोणतीही तक्रार न करता जुन्याच डेटाबेसमधील भाव दाखवत होते. चुकीची फाइल गुपचूप उघडली जाणे हे फाइल न सापडण्यापेक्षा अधिक घातक, असे मला त्या दिवसापासून ठामपणे वाटते, कारण इथले शेतकरी तो भाव पाहूनच व्यापाऱ्याशी बोलणी करतात.

आपण सुचवलेला उपाय साधा होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेला 'डिर' हा स्थिरांक, जो पीएचपी ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून उपलब्ध आहे, प्रत्येक मार्गाच्या आधी जोडायचा. मग स्क्रिप्ट कुठूनही चालवली तरी मार्ग त्या फाइलच्याच फोल्डरपासून मोजला जातो. डॉक्युमेंट रूटवर, म्हणजे वेब सर्व्हर सांगतो त्या संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरच्या पत्त्यावर, विसंबू नये, कारण क्रॉनमध्ये त्याची किंमत हाती येत नाही, हेही आपण वेळीच सांगितलेत. कॉन्फिगसाठी इन्क्लूडऐवजी रिक्वायर वन्स (फाइल एकदाच जोडणारा रिक्वायरचा प्रकार) वापरण्याचा आपला आग्रहही पटला, कारण फाइल मिळाली नाही तर इन्क्लूड नुसता इशारा देऊन पुढे जाते, रिक्वायर मात्र काम तिथेच थांबवते. विंडोजवर चालणारे नाव लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने अडते, हे आपण जाता जाता बोललात आणि त्यातून आमची आणखी एक फाइल सुधारली.

आपण थेट दुरुस्त केलेली स्क्रिप्ट पाठवू शकला असता. तसे न करता प्रत्येक ओळ माझ्याकडून लिहून घेतलीत, म्हणून भावांच्या पानानंतर सभासद नोंदणीची पानेही मला त्याच रीतीने लावता आली. गटातील सर्व सभासदांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार. रावेरला येणे झाले तर कंपोजर या पीएचपीच्या साधनाचे ऑटोलोडिंग, म्हणजे लागतील त्या फाइली आपोआप जोडून घेणे, समोर बसून समजून घेण्याची इच्छा आहे.

आपला कृतज्ञ,
संकेतस्थळ सांभाळणारा एक सभासद