क्लाराचं पत्र आणि माळ्यावरची ट्रंक

लाइपझिग, रविवार

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगून संपलं नसतं म्हणून लिहितेय. गेल्या आठवड्यात रजा टाकून बर्लिनला गेले होते, जुन्या हस्ताक्षरांच्या लिलावाला. लिलावाआधी सगळ्या वस्तू बघायला मांडतात. त्यात क्लारा शुमानचं एक पत्र होतं. संगीतकार रॉबर्ट शुमानची बायको. मागे तुला शंभर मार्कांची जुनी नोट दाखवली होती ना, तिच्यावरची ती बाई.

पत्र माझ्या हातात दिलं, आई! पातळ कागद, घड्यांवर विरलेला, काळी शाई पार तपकिरी झालेली. शेवटी जागा पुरली नाही म्हणून तिने कडेला आडवं लिहिलं होतं. हॉस्टेलवर तुझं आंतरदेशीय पत्र यायचं, त्यात तू चिकटवायच्या पट्टीपर्यंत लिहायचीस, अगदी तसं. वाचता मात्र एक शब्द येईना. ही लिपी म्हणजे यांची मोडी. 1941 साली शाळांतून काढून टाकली, आता इथल्या लोकांनाही ती मुद्दाम शिकावी लागते. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी बोट न टेकवता ओळीओळीने वाचून दाखवलं. कार्यक्रमाची तारीख, पियानो कुठला मिळणार, आणि मग मुलांची खुशाली.

एवढंच. पण ते ऐकताना माझे डोळे भरून आले, कारण मागचं सगळं मला ठाऊक होतं. तिचं लग्न बापाला मान्य नव्हतं. कोर्टात जाऊन परवानगी मिळवली आणि 1840 मध्ये, एकवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी, इथल्याच शोनेफेल्डच्या चर्चमध्ये लग्न केलं. आठ मुलं झाली. 1854 च्या फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचला, पण बॉनजवळच्या एंडेनिखच्या मनोरुग्णालयात गेला तो परत आलाच नाही. धाकटा फेलिक्स त्यानंतर जन्मला. दोन वर्षं तिला नवऱ्याला भेटू दिलं नाही. भेटली ती तो जायच्या दोन दिवस आधी. पदरात सात मुलं, आणि ही गावोगाव पियानो वाजवून घर चालवत होती. कार्यक्रम ठरवायचे तेही असल्या पत्रांतूनच.

ती राहायची ते इन्झेलश्ट्रासवरचं घर आता संग्रहालय आहे. मी तिथे अनेकदा जाते. लग्नानंतर दोघं मिळून एक रोजनिशी लिहायची. रॉबर्ट रचना करत असला की आपला रियाज मागे पडतो, असं तिने त्यात लिहून ठेवलंय. ते वाचलं तेव्हा मला आपलं मिरजेचं घर आठवलं. बाबा कोर्टात गेल्याशिवाय तू पेटी काढायची नाहीस. आणि ते लवकर आले की भाता अर्ध्यावर बंद. तेव्हा मला त्यात काही वाटायचं नाही. आता वाटतं.

लिलाव आपल्याकडच्यासारखाच, एक वार, दोन वार, तीन वार आणि हातोडा. फोनवरच्या कुणीतरी मिनिटभरात पत्र घेतलं. नवऱ्याचं किंवा तिचा मित्र, संगीतकार ब्राम्स याचं नाव असलेल्या पत्रांना भाव जास्त येतो म्हणे. पियानो आणि मुलांबद्दलच्या पत्राला कमी. मला मात्र हेच मोलाचं वाटलं.

आता एक काम. दादा म्हणत होता, दिवाळीआधी माळा साफ करून सगळे कागद रद्दीत देणार. हिरव्या ट्रंकेला हात लावू देऊ नकोस. तिच्यात आजोबांची मोडीतली कागदपत्रं आहेत, आणि खाली सुतळीने बांधलेली आजीची कार्डं. ती लग्न होऊन आली तेव्हा माहेरी लिहिलेली, मामाआजोबांनी परत आणून दिलेली. मी डिसेंबरात येतेय. तोवर डांबराच्या गोळ्या घालून ठेव.

आणि मी येईन तेव्हा बाबा घरात असताना पेटी काढ. मला ऐकायचीय.

बाबांना नमस्कार, दादाच्या पिल्लांना पापा.

तुझी,
मनू