परिपाठानंतरची दहा मिनिटं कानांसाठी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की नागपुरातल्या शाळांमध्ये गॅदरिंगची धावपळ सुरू होते. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावायचं, पहिली-दुसरीतल्या लेकरांना रांगेत उभं करायचं आणि स्टेप्स घोटून घ्यायच्या. पालक मोबाइलवर शूटिंग करतात, टाळ्या पडतात आणि त्या वर्षाचं संगीत तिथेच संपतं. मी तिसरी-चौथीला शिकवते. गॅदरिंगला माझा अजिबात विरोध नाही, मुलांना स्टेज मिळालंच पाहिजे. पण ज्या वयात कान घडतो, त्याच वयात आपण मुलांना नीट ऐकायला शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विदर्भात हे शिक्षण एकेकाळी अंगणात मिळायचं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची मूर्ती बसायची. टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी व्हायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. डबा हलवून दाखवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते मुलींनी सांगायचं. पोळ्याच्या झडत्यांचं, म्हणजे बैलांसमोर म्हणायच्या यमकांच्या ओळींचंही तसंच. एकाने झडती म्हणायची आणि सगळ्यांनी नेमक्या जागी ‘हर बोला हर हर महादेव’ उचलायचं. ती जागा चुकू नये म्हणून लहान पोरंसुद्धा कान देऊन ऐकत असतात.

भुलाबाईचा तोच खेळ मी वर्गात आणला. स्टीलचे सारखे डबे घेतले. एकात तांदूळ, एकात तुरीची डाळ, एकात फुटाणे, एकात चिंचोके. मुलं डोळे मिटून बसतात, मी डबा हलवते. सुरुवातीला नुसता गोंगाट होतो. मग कोणीतरी म्हणतं, ‘मॅडम, याच्यात फुटाणे आहेत नं!’ त्यावर दुसरा म्हणतो, नाही, फुटाण्याचा आवाज एवढा बारीक नसतो. इथे माझं काम झालेलं असतं, कारण मुलं आता आवाजाच्या पोताबद्दल बोलायला लागलेली असतात. पुढे पाण्याचे ग्लास येतात. काचेच्या सारख्या ग्लासांत कमी-जास्त पाणी भरून चमच्याने हलकेच वाजवायचं. भरलेल्या ग्लासाचा आवाज चढा असणार, असं बहुतेक मुलांना वाटतं. निघतो तो खालचा. मग बाटलीत पाणी भरून तोंडाशी फुंकर मारली, की बरोबर उलटं होतं, पाणी वाढलं की स्वर चढतो. ग्लासात काच आणि पाणी मिळून कंप पावतात, बाटलीत मात्र वरची हवा. विज्ञानाचा एक तास यातच होऊन जातो.

तालासाठी एक खडा पुरतो. मुलं गोलात बसतात आणि आठ मात्रांचा केरवा तोंडाने म्हणतात. पहिल्या मात्रेला टाळी देऊन खडा शेजारच्याकडे जातो. पाचव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे टाळी न देण्याची जागा, तेव्हा सगळ्यांनी रिकामा तळहात वर करून दाखवायचा. ज्याच्याकडे खडा असतो त्याची इथे हमखास गंमत होते, कारण खडा दुसऱ्या हातात घ्यायचं त्याला आधीच सुचायला हवं. केरवा अंगात मुरला की चौथीची मुलं तीनतालावर येतात. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. ‘सम’, म्हणजे ताल जिथे फिरून येतो ती पहिली मात्रा, काय असते हे मला फळ्यावर लिहून समजवावं लागत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. माझ्या वर्गात एक मुलगा दुसऱ्या शाळेतून आला. तो गाण्याच्या वेळी ओठ हलवायचा, आवाज काढायचाच नाही. विचारलं तर म्हणाला, आधीच्या शाळेत समूहगीताच्या वेळी ‘तू नुसतं तोंड हलव’ असं सांगितलं होतं. डब्यांच्या खेळात मात्र तूर आणि चिंचोके तोच सगळ्यांत आधी ओळखायचा. कान उत्तम होता. एक दिवस मी त्याला सांगितलं, तुझ्या आईला लांबून हाक मार. त्याने मारली. मग सगळ्या वर्गाने त्याच्या पट्टीत, म्हणजे त्याच्याच आवाजाच्या उंचीवर, ती हाक परत मारली. त्याच्या सुरात सगळे आले, मग हळूहळू तो सगळ्यांच्या सुरात यायला लागला. लहान मुलांना बेसूर ठरवण्याआधी आपण लावलेली पट्टी त्यांच्या गळ्याला झेपते का, एवढं तरी पाहायला हवं. मोठ्यांच्या सोयीची पट्टी मुलांना पुष्कळदा फार खाली जाते.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीत मुलांना पहिले दोन स्वर शिकवतात, ते आपल्या भाषेत प आणि ग. मुलांच्या हाका आणि चिडवाचिडवी साधारण त्याच अंतरावर होते. त्यापुढे येतात ते सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर, म्हणजे आपल्या भूप रागाचेच. आपल्याकडेही गाण्याच्या क्लासात बहुधा भूपानेच सुरुवात होते. म्हणजे साहित्य आपल्या घरात आहे, फक्त ते खेळातून यायला हवं. पालक मला विचारतात, ‘मॅडम, परीक्षेला कधी बसवायचं?’ प्रारंभिक, प्रवेशिका या संगीताच्या परीक्षांचं मोल मला माहीत आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला ती घाई कशाला?

महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे. रोज परिपाठानंतरची दहा मिनिटं ऐकण्यासाठी राखा. गुण नकोत, स्पर्धा नकोत. गॅदरिंगचा तोच स्पीकर आठवड्यातून एकदा दोन मिनिटं शहनाई किंवा बासरीसाठी लावा आणि स्वर वर जातो की खाली, हे मुलांना बोटाने हवेत काढू द्या. प्रत्येक शाळेला संगीतशिक्षक मिळावा ही मागणी आहेच, पण तोवर वर्गशिक्षकच हे करू शकतात. त्यासाठी आपापल्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, एक तास द्यावा आणि शहरातल्या संगीत महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना तिथे बोलवावं. गॅदरिंगची गाणी ठरण्याआधी, याच सत्रात, हे सुरू करता येईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, नंदनवन, नागपूर