नाशिकला येण्याआधी : चि. सायलीस

सिडको, नाशिक

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पक्का धरून ठेवणारं साधन, डिझाइन करायचं स्वतःचं काम नाशिकला सुरू करायचं तू पक्कं केलंस, फार बरं वाटलं. चाकणला तुझ्यामागे कंपनीचं नाव होतं. इथे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये ते नसणार, म्हणून पहिले काही महिने कॉम्प्युटरइतकाच वेळ ओळखींना द्यावा लागेल. पण ओळखी हॉटेलातल्या मेळाव्यांतच होतात असं धरून चालू नकोस.

तुझं गिऱ्हाईक म्हणजे चार-सहा मशिनांचा जॉबवर्कवाला, दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून देणारा. तो दिवसभर शॉपमध्ये अडकलेला असतो. बाहेर पडलाच तर टूलिंगच्या दुकानात, सीएमएम तपासणीला (पार्टची मापं यंत्रावर अचूक तपासतात तिथे), नाहीतर हीट ट्रीटमेंटवाल्याकडे. तू तिथे दिसायला हवीस. टूलिंगच्या दुकानदाराला वसाहतीतल्या हालचाली सगळ्यांच्या आधी कळतात. कोणाकडे नवी व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीन, आली की होल्डर, कोलेट, व्हाइस घ्यायला माणूस त्याच्याकडेच येतो. आणि नवी मशीन म्हणजे बहुधा नवा पार्ट, नव्या पार्टला नवं फिक्स्चर. म्हणून टॉगल क्लॅम्प, लोकेटिंग पिना, बुश हे सगळं सातपूरच्या एका आणि अंबडच्या एका ठरलेल्या दुकानातूनच घे, ऑनलाइन थोडं स्वस्त मिळालं तरी. रोख दे किंवा सांगितलेल्या तारखेला दे. उधारी लांबवणाऱ्याचं नाव कोणी पुढे करत नाही.

सीएमएम लॅबमध्ये तर तुझं काम आयतं समोर येतं. पार्ट मशीनवर मोजला तर बरोबर, काढला की पॅरललिझम, म्हणजे दोन बाजूंची समांतरता, गेलेला. पातळ भिंतीचा पार्ट क्लॅम्पखाली दबतो, त्याच अवस्थेत कटिंग होतं आणि क्लॅम्प सोडला की तो मूळ जागी उसळतो. माणसं मात्र मशीनला किंवा ऑपरेटरला दोष देत बसतात. क्लॅम्प बरोबर सपोर्टच्या डोक्यावर आणायचा, फिनिश कटाआधी दाब कमी करायचा, एवढं तू लॅबवाल्याला नीट समजावलंस तर पुढच्या वेळी तोच तुझा नंबर देईल. पण टेबलावर पडलेल्या दुसऱ्याच्या ड्रॉइंगकडे बघायचं नाही, ते कोणाचं हेही विचारायचं नाही. आपल्या धंद्यात ड्रॉइंग विश्वासावर हातात येतं.

संस्थांचं सांगते. कारखानदारांच्या दोन संघटना आहेत, निमा सातपूरला, आयमा अंबडला. दोन्हीकडे एकदम पैसे भरू नकोस. तुझं ऑफिस ज्या बाजूला असेल तिथल्या दोन-तीन चर्चासत्रांना आधी जाऊन ये, मगच सभासद हो. नुसती वर्गणी भरून कोणी ओळखत नाही. एखाद्या उपसमितीत काम मागून घे. नावनोंदणीच्या टेबलावर बसलीस तर येणारा प्रत्येक जण तुला स्वतःचं नाव आणि कंपनी सांगूनच पुढे जातो. औद्योगिक प्रदर्शनं भरतात तेव्हा उद्घाटनाचा दिवस टाळ, त्या दिवशी स्टॉलवाल्यांचं लक्ष पाहुण्यांकडे असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि स्टॉलवरच्या विक्रीच्या माणसाला एवढंच विचार, ‘तुमच्याकडे टूलिंग कोण बघतं?’ सिन्नरची मुसळगावची वसाहत मोठी आहे, पण पहिल्या वर्षी तिकडे पळू नकोस. येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो.

बीएनआय म्हणजे सभासदांनी एकमेकांना गिऱ्हाईकं सुचवायची संघटना. तिच्या गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात, दर आठवड्याला बैठक, आणि हजेरी कडक. फी बरीच असते. आधी पाहुणी म्हणून जा आणि गटात कारखानदार किती ते मोज. विमा, इंटिरियर आणि केटरिंगवालेच जास्त असतील तर माणसं कितीही चांगली असोत, तुझ्या उपयोगाची नाहीत. माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचा आहे, तिथे बोलायला मोकळं वाटेल. तिथेही हाच हिशेब लाव.

स्वतःची ओळख अर्ध्या मिनिटात संपव. ‘मी सायली, व्हीएमसीची फिक्स्चर डिझाइन करते. ॲल्युमिनियम हाउसिंग आणि पातळ भिंतीचे पार्ट ही माझी खासियत.’ बस. ‘सगळ्या प्रकारची डिझाइन करते’ म्हणालीस की कोणाच्याच लक्षात राहत नाहीस. पहिल्या भेटीत काम मागू नकोस, त्याची अडचण विचार. कार्ड वाटत सुटू नकोस. ज्याच्याशी खरं बोलणं झालं त्यालाच दे आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींचा व्हॉट्सॲप टाक, बोलण्यातला एखादा नेमका मुद्दा लिहून. चार दिवसांनी पाठवलास तर चेहरा विसरलेला असतो.

शॉपवर बोलावलं तर सेफ्टी शूज घालून जा आणि व्हर्निअर स्वतःचा ने. संध्याकाळचे कार्यक्रम मुंबई रोडच्या हॉटेलांत जेवणापर्यंत लांबतात. जेवणाआधीचा अर्धा तासच कामाचा असतो, त्यानंतर निघालीस तरी काही बिघडत नाही.

मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते, 1922 पासूनची. तिथे मात्र ऐकायलाच जा. शहरातली जाणती माणसं पटांगणावर येऊन बसतात, पण तिथे कार्ड पुढे करणं बरं दिसत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, इथे येण्याआधीच करून ठेव. 2006 च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. तो नंबर बिलावर असेल तर पैसे मागताना बाजू भक्कम राहते. कार्डाच्या मागच्या बाजूला कोणत्या सॉफ्टवेअरवर काम करतेस आणि कोणत्या फाइल स्वीकारतेस ते छाप. छापायला टाकण्याआधी मजकूर मला पाठव, एकदा वाचून देते.

तुझी,
आई