तिसऱ्या सेमच्या मार्कांवरून डिप्लोमावाल्यांना जोखू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांमुळे वर्गाचा रिझल्ट खाली येतो, एन्ट्रन्स देऊन आलेली तीच खरी मुलं, बाकीची मागच्या दाराने घुसलेली. मी बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतेय आणि दर सेमला रिझल्ट अ‍ॅनालिसिसचं लोढणं माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून लिहायला बसले. आकडे ते म्हणतात तसेच येतात, नाकारत नाही. पण तिसऱ्या सेमचे, म्हणजे त्यांच्या इथल्या पहिल्याच सेमचे, बघितले तर दुसरं काय येणार?

आधी त्या मुलांची गंमत ऐका. यांची अ‍ॅडमिशन उशिरा होते, वर्गात येतात तेव्हा मॅथ्समधला लाप्लास ट्रान्सफॉर्म निम्मा शिकवून झालेला असतो, आणि ज्या पहिल्या वर्षाच्या मॅथ्सवर तो उभा आहे ते यांनी केलेलंच नसतं. असाच एक मुलगा फळ्यावर इंटिग्रेशन बाय पार्ट्स करताना यू कुठला धरायचा इथेच अडकला, मागून हसले सगळे, तो जागेवर जाऊन बसला तो नंतर कधी आपणहून उठलाच नाही. त्याच आठवड्यात लॅबमध्ये ऑप-अ‍ॅम्पचं, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचं, सर्किट होतं, एका ग्रुपच्या आउटपुटच्या वेव्हची खालची बाजू कापली जात होती आणि ती चौघं अर्धा तास डायग्राम परत परत ताडून बघत होती. हा शेजारच्या टेबलावरून स्क्रीनकडे बघून म्हणाला, "खालचा अर्धा उडालाय ना, मायनस सप्लायच्या पिनला ग्राउंड दिलं असेल, बघ." तसंच होतं! आता यातलं मार्कशीटवर काय उतरलं म्हणाल तर काहीच नाही, प्रॅक्टिकलचे मार्क आपण सगळ्यांनाच भरभरून देतो, त्यामुळे फरक पडतो तो फक्त थिअरीत, आणि तिथे तो मागे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत दोन वर्षांच्या कॉलेजातून युनिव्हर्सिटीत जाणाऱ्यांचं हेच व्हायचं, जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून त्याला 'ट्रान्सफर शॉक' म्हटलं, म्हणजे बदलीनंतर पहिल्या टर्मला ग्रेड पडतात आणि पुढे बऱ्याच जणांचे सावरतात.

आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही. एन्ट्रन्सवाल्यांतले जे पहिल्या वर्षाला अडकले, इयर डाउन झाले किंवा सोडून गेले, ते दुसऱ्या वर्षाच्या यादीत नसतातच. म्हणजे एकीकडे वर्षभर चाळणीतून गेलेली मुलं आणि दुसरीकडे काल आलेली, आणि आपण दोघांची सरासरी शेजारी शेजारी मांडून मोकळे. मीही कित्येक वर्षं तसाच तक्ता करून वर पाठवला, कुणी विचारलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

एन्ट्रन्सला अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये हं. अमेरिकेतल्या एमआयटीने कोविडमध्ये एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेची अट काढली आणि २०२२ मध्ये परत लावली, कारण मॅथ्स झेपेल की नाही हे त्यांना त्यावरून बरं कळत होतं. पण तिथेच थांबू नये. इंग्लंडमध्ये २०१४ ला उच्च शिक्षणाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने बघितलं तर शाळेच्या शेवटच्या परीक्षेत सारखेच ग्रेड असलेल्यांत सरकारी शाळेतली मुलं डिग्रीला खासगी शाळेतल्यांपेक्षा पुढे होती. मार्क तेच, पण ते कुठल्या परिस्थितीत पडलेत त्यावर पुढचं बरंच ठरतं.

सगळे डिप्लोमावाले सावरतात असंही नाही, काही जण एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या सेमच्या मॅथ्सचा, बॅकलॉग फायनल इयरपर्यंत ओढत नेतात आणि त्यांचं बघून वाईट वाटतं. म्हणून म्हणते की कॉलेजांनी रिझल्ट लावताना कोण कुठल्या वाटेने आला ते वेगळं दाखवावं, तिसऱ्यापासून आठव्या सेमपर्यंत सगळं, आणि एन्ट्रन्सवाल्यांत पहिल्या वर्षाला गळालेलेही धरून. आणि मॅथ्सचा ब्रिज कोर्स सेम सुरू व्हायच्या आधी घ्यावा. आमच्याकडे तो आहे, नाही असं नाही, पण शनिवारी दुपारी ठेवलाय आणि गेल्या वर्षी सुरू झाला तेव्हा पहिली युनिट टेस्ट होऊन गेली होती.

आपली एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)