सही करण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चिडून फोन ठेवलास. तोच विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. हँपशरमधल्या त्या आजी तुला प्रेमाने जेवू घालतात, हे ऐकून जिवाला बरं वाटतं. पण त्यांच्या नातवाच्या बॅरोनेट पदवीसाठी, म्हणजे पिढीजात ‘सर’ किताबासाठी, तू केलेल्या वंशावळीखाली सही तुझी असणार, आणि ‘आजींना खात्री आहे’ हा काही दाखला नव्हे.

झालं, काढलाच विषय.

टिचबोर्न गाव तुझ्या जवळच आहे. तिथल्या त्याच नावाच्या घराण्याचं उदाहरण घे. त्यांना ही पदवी मिळाली ८ मार्च १६२१ला. जुन्या कागदांत साल १६२० दिसेल, कारण १७५२ पूर्वी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्या काळातली जानेवारी ते २४ मार्चची प्रत्येक नोंद दोन्ही सालं घालून लिही. नाहीतर जूनमधल्या लग्नानंतर फेब्रुवारीत झालेलं मूल लग्नाआधीचं वाटतं, आणि लग्नाआधी जन्मलेल्याला, आईबापांनी पुढे लग्न केलं तरी, तिथे ही पदवी मिळत नाही. दत्तकालाही नाही. आपल्याकडे देशमुखीच्या वाटण्या व्हायच्या. ही पदवी अखंड एकाच औरस पुरुष वारसाकडे जाते.

आठव्या बॅरोनेटला सात मुली, म्हणून पदवी भाऊ एडवर्डकडे गेली. त्याने एका वारशापायी आडनाव डाउटी करून घेतलं होतं. नुसत्या ‘टिचबोर्न’ नावाने सूची चाळणाऱ्याला नववा बॅरोनेट सापडायचाच नाही. शिवाय घराणं कॅथलिक. १७५४ ते १८३७ त्यांनाही कायदेशीर लग्न अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागे. बाप्तिस्मे मात्र कॅथलिक वह्यांत. आजींचं घराणंही कॅथलिकच ना? मग दोन्हीकडे बघ. सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ नंतरचीच मिळेल.

तू म्हणशील, आईचं व्याख्यान सुरू झालं. रागावू नकोस गं. लहानपणी ताम्हनकरांच्या वाड्याच्या सनदेतली मोडी तू माझ्याआधी लावलीस, ते मी अजून सगळ्यांना सांगते. तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. भीती तुझ्या मायाळूपणाची वाटते.

कारण त्याच घराण्यातली ऑंरिएत टिचबोर्न. तिचा मुलगा रॉजर २० एप्रिल १८५४ला रिओहून ‘बेला’ जहाजाने निघाला आणि जहाजासकट नाहीसा झाला. तिने पार ऑस्ट्रेलियापर्यंत जाहिराती दिल्या. १८६७च्या जानेवारीत पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा गावच्या एका खाटकाला तिने आपला मुलगा म्हणून ओळखलं आणि वर्षाला हजार पौंड लावून दिले. रॉजर फ्रेंच बोलत वाढलेला. या माणसाला फ्रेंच येत नव्हतं. रॉजरच्या हातावर गोंदण होतं, याच्या नव्हतं. ती वर्षभराने वारली. मग एक खटला १०२ दिवस, दुसरा १८८ दिवस, आणि त्या तोतयाला चौदा वर्षांची शिक्षा. तिने कुणाला फसवलं नाही गं. पोर गेलं हे तिला मान्यच करवेना. मीही आई आहे, तिचं मन मला कळतं, आणि म्हणूनच सांगते की आईची किंवा आजीची ओळख वंशावळीत पुरावा म्हणून घालू नकोस.

डीएनए चाचणीचं आजींनी सुचवलंय ना? आधी त्यांना समजावून सांग. २०१६ साली स्कॉटलंडमधल्या प्रिंगल पदवीच्या वादात प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठाने डीएनए ग्राह्य धरला आणि पदवी दुसऱ्या शाखेकडे गेली. नातवाचंही तसं होऊ शकतं. चाचणीला जो जो नातेवाईक लागेल त्याची लेखी संमती घे.

१९१०पासूनच्या बॅरोनेटांच्या अधिकृत यादीत नाव लागायला नातवाचा जन्मदाखला, आईबापांचा विवाहदाखला, आधीच्या बॅरोनेटच्या मृत्यूचा दाखला आणि मधल्या प्रत्येक पिढीचे असेच कागद लागतील. वरच्या शाखा निर्वंश झाल्याचाही पुरावा हवा. लोक अडकतात ते इथेच. धाकटा भाऊ परदेशी गेला आणि ‘तिकडेच अविवाहित वारला’, असं घरचे सांगतात. त्याचा दाखला मिळेपर्यंत सही करू नकोस.

बाबांचं बीपी ठीक आहे. शंतनूचं काय ठरलं ते तूच त्याला विचार, मला तो सांगत नाही. आणि आजींशी बोलणं अवघड वाटत असेल तर तसं कळव, मी त्यांना स्वतंत्र पत्र लिहीन.

तुझी,
आई