शिजवलेले अन्न ‘मृत’ कसे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आहारविषयक लेखात म्हटले आहे की, शिजवल्याने अन्नातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, मरतात. मग पचनासाठी शरीराला स्वतःचा साठा खर्चावा लागतो, म्हणून निम्मे अन्न कच्चे खावे. यातील पहिले विधान बरोबर आहे. पुढचे मात्र त्यातून निघत नाही.

शाळेत शिकवत असताना मी मुलांकडून एक प्रयोग करून घेत असे. पातळ केलेली भाताची पेज दोन परीक्षानळ्यांत घ्यायची, एकीत ताजी लाळ आणि दुसरीत उकळून गार केलेली लाळ घालायची, आणि वीसेक मिनिटांनी दोन्हींत स्टार्चला निळे करणाऱ्या आयोडिनचा थेंब सोडायचा. (लाळ कोणी द्यायची यावरून वर्गात होणारा गोंधळ वेगळाच.) दुसरी नळी गडद निळी होते, पहिलीत आयोडिनचा पिवळसर रंगच राहतो, कारण लाळेतील अमायलेज या विकराने स्टार्च तोडून टाकलेला असतो. विकर हे प्रथिन आहे, आणि ज्या घडीमुळे त्याच्या खाचेत ठरावीक पदार्थच बसतो ती घडी उकळल्यावर मोडते. मांस मऊ करणारे विकर असलेली कच्ची पपई मटणाला शिजवण्याआधी चोळून ठेवतात तीही यामुळेच.

परंतु आपल्या पचनाची भिस्त अन्नातील विकरांवर नसते. लाळग्रंथी, जठर, स्वादुपिंड आणि लहान आतड्याचे अस्तर ती सतत नव्याने तयार करत असतात. शिवाय काम करताना विकर खर्ची पडत नाही. त्याचा एकच रेणू तेच काम सेकंदाला शेकडो वेळा करू शकतो. काकडी-गाजरातील बहुतेक विकरे जठराच्या आम्लात निकामी होतात आणि जठरातील पेप्सिन हे विकर त्यांना इतर प्रथिनांसारखेच तोडते. स्वादुपिंडाच्या जुनाट विकारात डॉक्टर विकरांच्या कॅप्सूल देतात, तेव्हा त्यांतील औषधावर आम्लात न विरघळणारे आवरण असते ते याचसाठी.

उलट, शिजवण्याने आपल्या विकरांचे काम हलके होते. कच्च्या तांदळातील स्टार्चचे कण घट्ट असतात. पाण्यात शिजताना ते फुगतात आणि अमायलेजला आत शिरायला वाट मिळते. वरचाच प्रयोग पेजेऐवजी कच्चे तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केला, तर वीस मिनिटांनी ताज्या लाळेची नळीही निळीच होते.

एवढ्यावर थांबलो असतो, पण लेखातील ‘भिजवून कच्ची खावीत’ अशा कडधान्यांच्या यादीत राजमाही आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन असते, ते नुसत्या भिजवण्याने जात नाही, आणि चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवलेले पाणी ओतून टाकून राजमा ताज्या पाण्यात खळखळून उकळावा आणि पूर्ण शिजवावा लागतो. निदान ही दुरुस्ती पुढील अंकात ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा