जिमची ओळख जमिनीपासून घडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या जिमच्या सजावटीविषयी आलेला लेख वाचला. रंगसंगती, दिव्यांच्या पट्ट्या आणि भिंतीवरची चित्रे यांविषयी त्यात बरीच माहिती होती. मात्र जिमला स्वतःची ओळख देण्याचे काम यंत्रे बसवून झाल्यावर उरलेल्या भिंतींवर करायचे असते, असा समज त्या लेखातून होतो आणि तो मला पटत नाही. अंतर्गत रचनेच्या व्यवसायात असल्यामुळे या समजाचे परिणाम जवळून पाहायला मिळतात, म्हणून हे पत्र.

काळी भिंत, तीवर लाल किंवा पोपटी पट्टा, छताला षटकोनी एलईडी दिव्यांची जाळी, दंड फुगवलेली एक आकृती आणि घामाचे व वेदनेचे गोडवे गाणारे एखादे वाक्य, एवढ्यावर आज बहुतेक जिमची 'वेगळी' ओळख उभी असते. दारावरची पाटी झाकली, तर आपण कोणाच्या जिममध्ये आलो आहोत हे सांगता येणार नाही. गंमत म्हणजे मालकाला मनापासून वेगळे काहीतरी हवे असते, पण ते कसे हवे हे समजावताना तो जी छायाचित्रे दाखवतो, ती दुसऱ्यांच्या जिमचीच असतात.

ओळखीचा पहिला प्रश्न रंगाचा नसून ही जागा कोणासाठी आहे, हा आहे. अमेरिकेत १९९२ साली सुरू झालेल्या दोन व्यवसायांची तुलना येथे उपयोगी पडेल. कर्व्हज या केवळ स्त्रियांसाठी निघालेल्या जिमने यंत्रे रांगेत न लावता वर्तुळात मांडली आणि अर्ध्या तासात सगळ्या यंत्रांवरून फिरून व्यायाम पुरा होईल, अशी आखणी केली. प्लॅनेट फिटनेसने व्यायामाला बिचकणारा नवखा माणूस डोळ्यांसमोर ठेवला; जांभळा आणि पिवळा हे रंग त्याची खूण झाले आणि वजने आपटून आरडाओरडा करणाऱ्यासाठी पुढे चक्क भोंगा बसवण्यात आला. त्या भोंग्याची कल्पना मला व्यक्तिशः थोडी उद्धट वाटते, कारण मनापासून जड वजन उचलणाऱ्याला त्यातून अपमानित वाटू शकते. पण कोण हवे आणि कोण नको, हे त्या मालकांनी आधी ठरवले होते, हे मान्य करावे लागते. याउलट आपल्याला सगळेच हवेत, असे म्हणणाऱ्या मालकाच्या जिममध्ये मग दार उघडताच समोर सर्वांत जड वजनांचे रॅक आणि भिंतभर आरसा येतो, आणि पहिल्यांदाच आलेला माणूस तेथूनच परत फिरण्याचा विचार करू लागतो.

हे एकदा ठरले, की जमिनीकडे वळावे. यंत्रांच्या भागात आठ ते दहा मिलिमीटर जाडीच्या रबरी लाद्या पुरतात. मोकळी वजने उचलण्याच्या भागात त्या वीस मिलिमीटर किंवा त्याहून जाड लागतात, आणि जड बारबेलसाठी, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या गोल प्लेट लावलेल्या लांब दांड्यासाठी, मधोमध लाकडी फळी व दोन्ही बाजूंना रबर असा सुमारे अडीच मीटर लांबी-रुंदीचा स्वतंत्र चौथरा असलेला बरा, कारण पाय कठीण पृष्ठभागावर स्थिर राहतात आणि वजन मऊ पृष्ठभागावर पडते. निव्वळ काळ्या रबरावर पकडीसाठी हाताला लावलेल्या खडूची पांढरी पूड आणि बुटांचे ठसे दिवसभर उठून दिसतात. रंगीत ठिपक्यांचे रबर ते सामावून घेते आणि ठिपक्यांच्या रंगातून जिमची खूणही आपोआप तयार होते. आरशाचेही तसेच आहे. बारबेलच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे आरसा जमिनीपासून किमान ५० सेंटिमीटर वर सुरू केला, तर भिंतीला टेकवलेली प्लेट काचेला लागत नाही. त्याखाली उरणारा सलग पट्टा रबराचा किंवा लाकडाचा करावा. माझ्या मते जिमच्या रंगाला याहून चांगली जागा नाही.

उलट जेथे रंगाला हात लावू नये, तेथेच तो लावण्याचा मोह होतो. भारोत्तोलनाच्या स्पर्धांमध्ये २५ किलोची प्लेट लाल, २० ची निळी, १५ ची पिवळी आणि १० ची हिरवी असते. ही सवय अंगवळणी पडलेला माणूस बारवर किती वजन आहे, हे दुरूनच ओळखतो. सगळ्या प्लेट एकाच 'ब्रँड'च्या रंगात मागवल्या, की छायाचित्र देखणे येते आणि वजन मोजण्यात चूक होण्याची सोय होते.

छताचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. बेंचवर उताणे पडलेल्या माणसाला समोर फक्त छत दिसते, आणि नेमका डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा असेल, तर हातात जड बार घेऊन तो डोळे मिटतो. दिवे बेंचच्या थेट वर न घेता बाजूला घ्यावेत किंवा त्यांचा प्रकाश छतावर टाकून खाली परतवावा. रंगीत दिव्यांत चेहरे निळे-जांभळे दिसतात, चटईवरची घाण मात्र दिसत नाही. आवाजाचीही हीच गत. काच, आरसा आणि काँक्रीट आवाज परतवतात, आणि छत उघडे ठेवून काळे रंगवण्याच्या फॅशनमुळे तो शोषून घेणारी उरलीसुरली जागाही जाते; मग गोंगाटावर मात करण्यासाठी गाण्यांचा आवाज वाढवला जातो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही कामाच्या जागेसाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आहे आणि पुढच्या दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, असे अमेरिकेतील निऑश ही कामगारांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था सांगते. सभासद तासाभराने घरी जातो, प्रशिक्षक मात्र दिवसभर तेथेच असतो. छताला ध्वनिशोषक पट्ट्या लावून दोन मोठ्या स्पीकरऐवजी अनेक लहान स्पीकर विखरून बसवले, तर कमी आवाजातही गाणे सगळीकडे नीट पोहोचते.

बोधचिन्हाविषयी थोडक्यात सांगतो. डंबेल किंवा दंड दाखवल्याने धंदा कोणता हे कळते, तो कोणाचा हे कळत नाही. चिन्ह एका रंगात, टॉवेलवरच्या भरतकामात आणि मोबाइलच्या पडद्यावरील नखाएवढ्या चौकोनात ओळखू आले पाहिजे, तेवढे पुरे. त्यापेक्षा अधिक विचार सूचनाफलकांच्या भाषेचा व्हावा. भिंतीवर स्वागताचे मोठे अक्षर असावे आणि शेजारच्या फलकावर 'वजने जागेवर न ठेवल्यास दंड आकारला जाईल' असे दटावलेले असावे, तर सभासद यांपैकी दुसरेच वाक्य जिमचा खरा स्वभाव समजतो.

मालकांनी आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच करून घ्यावी. ओळख ठरवणारी जी पुस्तिका तयार होते, तिच्यात बोधचिन्ह आणि अक्षरांबरोबर रबराच्या लादीचा प्रकार व जाडी, भिंतीच्या रंगाचा क्रमांक आणि दिव्यांचे केल्व्हिनमधील रंगतापमान (प्रकाश पिवळसर की निळसर पांढरा, हे सांगणारा आकडा; तो जितका मोठा, तितका प्रकाश निळसर) यांचीही नोंद असावी आणि ती रोजची देखभाल पाहणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. ही नोंद नसली, की ४००० केल्व्हिनच्या रांगेत बंद पडलेल्या एका दिव्याच्या जागी हाताला लागेल तो ६५०० चा दिवा येतो आणि उखडलेल्या लादीच्या जागी वेगळ्याच जाडीची लादी बसते, जिच्या कडेला वजन घेऊन चालणाऱ्याचा पाय अडखळतो.

आपला,
एक अंतर्गत रचनाकार